सीए फायनलचा निकाल: दुपारी दोनची साइट आणि पुढचे तीस दिवस

आधी तारखा. सीए फायनलच्या सप्टेंबर २०२५ च्या अटेम्प्टचा शेवटचा पेपर १४ सप्टेंबरला झाला. निकाल लागला ३ नोव्हेंबरला, म्हणजे ५० दिवसांनी. त्याच ३ नोव्हेंबरला जानेवारी २०२६ च्या परीक्षेचे फॉर्म सुरू झाले. ते १६ नोव्हेंबरला बंद झाले, लेट फी भरून १९ पर्यंत मुदत होती. फायनलमध्ये तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप असतात; जानेवारीतला ग्रुप वनचा पहिला पेपर ५ तारखेला. निकालापासून मोजले तर हातात ६३ दिवस.

इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, म्हणजे आयसीएआयची निकालाची सेवा कशी आहे, हे जोखायचे तर याच तारखांवरून जोखावे लागते. निकाल दाखवण्याचे काम ही संस्था चांगले करते, आणि ते स्वच्छपणे मान्य केले पाहिजे. पण निकाल लागल्यावर गुणांबद्दल शंका आली, तर तिचे निरसन करण्याची जी व्यवस्था आहे ती वर्षातून दोनदा परीक्षा होत होत्या त्या काळातली आहे. परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात. ही व्यवस्था त्या वेगात बसत नाही आणि त्याची किंमत दोन-चार गुणांनी ग्रुप राहिलेला विद्यार्थी मोजतो.

आता वाट पाहण्याच्या काळाबद्दल. मे २०२४ ही नव्या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा. तिचा फायनलचा शेवटचा पेपर १६ मेला झाला आणि निकाल ११ जुलैला, ५६ दिवसांनी. नोव्हेंबर २०२४ चा शेवटचा पेपर १३ नोव्हेंबरला आणि निकाल २६ डिसेंबरला रात्री उशिरा, ४३ दिवसांनी. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावामुळे ९ ते १४ मेचे पेपर पुढे ढकलून १६ ते २४ मे दरम्यान घ्यावे लागले, तरी निकाल ६ जुलैला लागला. या सगळ्यावरून एक अंदाज पक्का बांधता येतो: शेवटच्या पेपरपासून सहा ते आठ आठवडे. त्याच्या आत निकालाची चौकशी करण्यात अर्थ नाही आणि त्याच्या पुढे सहसा जात नाही. फायनलच्या बहुतेक पेपरांत ७० गुण वर्णनात्मक असतात. ते माणसालाच वाचून तपासावे लागतात. देशभरातल्या परीक्षकांकडून हे काम करून घेऊन एवढ्या दिवसांत निकाल लावणे ही सोपी गोष्ट नाही. या बाबतीत संस्थेला चांगले गुण द्यायला हरकत नाही.

जिथे गुण कापावे लागतात ती जागा म्हणजे तारीख सांगण्याची पद्धत. परीक्षेचे वेळापत्रक काही महिने आधी मिळते, फॉर्मच्या तारखा आधी मिळतात, पण निकालाची तारीख मात्र अगदी दोन-चार दिवस आधीच्या सूचनेत येते, आणि तीही ‘लागण्याची शक्यता आहे’ अशा भाषेत. मधल्या काळात पोकळी भरून काढायला टेलिग्राम चॅनेल आणि क्लासवाल्यांचे व्हिडिओ हजर असतात. ‘आतल्या गोटातून’ आलेली तारीख दर आठवड्याला बदलते. गावाकडून पुण्यात किंवा ठाण्यात खोली घेऊन राहिलेल्या मुलाला खोली ठेवायची की सोडायची, नोकरीसाठी हो म्हणायचे की थांबायचे, हे त्या तारखेवर ठरवायचे असते. शेवटच्या पेपरच्या दिवशीच ‘अमुक ते अमुक या आठवड्यात निकाल’ एवढे जरी जाहीर झाले, तरी या अफवांचा धंदा बसेल. मागच्या अटेम्प्टांचे आकडे पाहता असा आठवडा सांगणे संस्थेला अवघड नाही.

नव्या अभ्यासक्रमात हा काळ पूर्वीपेक्षा जास्त मोकळा झाला आहे, हेही लक्षात घ्यावे. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे सक्तीचे प्रशिक्षण, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आणि ती संपल्यावर सहा महिने गेल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. सेल्फ पेस्ड ऑनलाइन मॉड्यूलचे, म्हणजे स्वतःच्या गतीने करायच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे, चारही संच त्याआधीच, प्रत्येकी किमान ५० टक्क्यांनी, सुटलेले असावे लागतात. त्यामुळे निकालाची वाट पाहणारा विद्यार्थी आता बहुतेक वेळा ना आर्टिकल असतो, ना नोकरीत. त्या ५० दिवसांत करण्यासारखी कागदोपत्री कामे दोन. एक, आर्टिकलशिप पूर्ण झाल्याची नोंद सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर खरोखर ‘पूर्ण’ दिसते का ते पाहणे. आपण फॉर्म भरला म्हणजे काम झाले असे नसते, प्रिन्सिपलकडून, म्हणजे ज्या सीएकडे आर्टिकलशिप केली त्याच्याकडून, आणि नंतर संस्थेच्या कार्यालयाकडून तो पुढे सरकावा लागतो. दोन, पोर्टलवरचा फोटो, सही, पत्ता आणि मोबाइल क्रमांक आजचे आहेत का ते तपासणे. पुढचा फॉर्म भरायची वेळ आली की या बारीक चुकांपायीच तो अडकतो.

निकालाचा दिवस. गेल्या काही वेळांचा क्रम पाहिला तर फायनल आणि तिच्या आधीच्या इंटरचा निकाल दुपारी दोनच्या सुमारास आणि फाउंडेशनचा, म्हणजे सीएच्या पहिल्या पायरीचा, संध्याकाळी पाचच्या सुमारास येतो. जुलै २०२५ आणि नोव्हेंबर २०२५ दोन्ही वेळा असेच झाले. निकाल एकाच साइटवर नसतो. आयसीएआय डॉट एनआयसी डॉट इन ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची साइट, शिवाय संस्थेचे स्वतःचे परीक्षा पोर्टल आणि निकालाचे वेगळे पोर्टल. एक अडकले तर दुसरे उघडावे. तेच पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत बसू नये. वर्षानुवर्षांच्या गर्दीतून शिकून संस्थेने निकाल असा वाटून ठेवला आहे आणि त्याचा खरोखर उपयोग होतो. पहिली पंधरा-वीस मिनिटे पान संथ असते, त्यानंतर सुरळीत चालते.

पानावर तीनच गोष्टी भराव्या लागतात: नोंदणी क्रमांक, सहा अंकी बैठक क्रमांक आणि चित्रातला कोड. ‘रेकॉर्ड सापडत नाही’ असा संदेश आला की घरात रडारड सुरू होते. दहांतल्या नऊ वेळा कारण नोंदणी क्रमांकात असते. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातच्या विद्यार्थ्यांचा क्रमांक पश्चिम विभागाचा, म्हणून ‘डब्ल्यूआरओ’ने सुरू होतो. त्यात तिसऱ्या जागी येतो तो ‘ओ’ हे अक्षर आहे आणि त्याच्या लगेच पुढे येतो तो शून्य आहे. छापील हॉल तिकिटावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. घाईत दोन्ही जागी शून्य टाकले जातात किंवा दोन्ही जागी ‘ओ’, आणि साइट सरळ नाही म्हणते. उपाय अगदी साधा: हॉल तिकिटाच्या पीडीएफमधून क्रमांक कॉपी करून मोबाइलच्या नोट्समध्ये आदल्या दिवशीच ठेवावा. दुसरी नेहमीची चूक जुन्या अटेम्प्टचा बैठक क्रमांक टाकण्याची. बैठक क्रमांक दर अटेम्प्टला बदलतो, नोंदणी क्रमांक बदलत नाही.

निकाल पाहायला पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही, पैसे लागत नाहीत. यातले काहीही मागणारी लिंक व्हॉट्सॲपवर आली तर ती खोटी समजावी. ‘गुण वाढवून देतो’ म्हणणारे फोनही याच आठवड्यात येतात. ज्यांनी अजून निकाल नीट पाहिलेलाही नाही अशांना ते गाठतात.

स्क्रीनवर दिसतो तो निकाल तात्काळ माहितीसाठी असतो, ती मूळ गुणपत्रिका नव्हे. तसे त्या पानावरच लिहिलेले असते. तरीही ते पान लगेच पीडीएफ करून ठेवावे. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत तेच दाखवावे लागते.

या पानाचे एक मोठे उणेपण आहे. प्रत्येक पेपरपुढे एकच आकडा दिसतो. बहुपर्यायी भागात किती मिळाले आणि लेखी भागात किती, हे त्यावरून कळत नाही. ३० गुणांचे बहुपर्यायी प्रश्न आल्यापासून ही फोड विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त कामाची झाली आहे. ॲडव्हान्स्ड ऑडिटिंगमध्ये ४१ पडले असतील, तर ते लेखी भागातली मांडणी कच्ची म्हणून की बहुपर्यायी प्रश्नांतला अंदाज चुकला म्हणून, यावर पुढच्या ६३ दिवसांचा अभ्यास ठरतो. हा आकडा संस्थेजवळ असतोच. पानावर आणखी दोन रकाने वाढवायला काही खर्च नाही. निकालाच्या सेवेत एकच सुधारणा मागायची असेल तर ही मागावी.

आता तो आकडा कसा वाचायचा. अजूनही कितीतरी मुले आणि पालक इथे चुकतात. पास होण्यासाठी प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के, म्हणजे तीन पेपरांत मिळून ३०० पैकी १५० हवेत. समजा ग्रुप वनमध्ये फायनान्शियल रिपोर्टिंग ६४, ॲडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट ४१ आणि ऑडिट ४२. बेरीज १४७. प्रत्येक पेपरात ४० ओलांडले, तरी ॲग्रिगेट, म्हणजे ग्रुपची बेरीज, तीनने कमी म्हणून ग्रुप राहिला. पण याच विद्यार्थ्याने दोन्ही ग्रुप एकत्र दिले असते आणि ग्रुप टूमध्ये १५८ असते, तर एकूण ६०० पैकी ३०५ होतात आणि दोन्ही ग्रुप सुटतात. एका ग्रुपचे जादा गुण दुसऱ्याची तूट भरून काढतात, फक्त सहाही पेपरांत ४० हवेत. बोथ ग्रुपला बसण्याचा खरा फायदा हाच. आकडेही पाहून ठेवावेत: दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांत मे २०२४ मध्ये १९.८८ टक्के, नोव्हेंबर २०२४ मध्ये १३.४४, मे २०२५ मध्ये १८.७५ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १६.२३ टक्के उत्तीर्ण झाले. निकालाच्या दिवशी घरात बसलेल्या सगळ्यांना हे ठाऊक असावे, म्हणजे नापास झालेल्या पोराकडे बघण्याची नजर थोडी बदलते.

१४७ वाल्याच्या हातात एक गोष्ट उरते: ६४ ची एक्झेम्प्शन. ग्रुप राहिला पण एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त गुण असले, तर पुढच्या तीन परीक्षांपुरती त्या पेपरातून सूट मिळते आणि ते गुण बेरजेत धरले जातात. त्याला पुढच्या वेळी उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८६ हवेत, प्रत्येकी किमान ४० धरून. म्हणजे ४० आणि ४६ वरही ग्रुप निघतो. यातली अट मात्र कठोर आहे: ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असले पाहिजेत. दुसरा पेपर वाईट गेला म्हणून तिसऱ्याला न गेलेला विद्यार्थी पहिल्या पेपरातले ६४ सुद्धा गमावतो. हे निकालाच्या दिवशी कळून उपयोग नसतो, परीक्षेच्या आठवड्यातच माहीत असावे लागते.

नव्या योजनेत कायमची एक्झेम्प्शनही आहे. तीन संधी संपल्यावर अर्ज करून ती घेता येते. पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० नव्हे, ५० लागतात. वरच्या उदाहरणात ४० आणि ४६ वर सुटणारा ग्रुप आता ५० आणि ५० वरच सुटेल. ‘कायमची’ हा शब्द ऐकून आनंदाने अर्ज करणाऱ्यांनी ही बेरीज आधी कागदावर करावी. शिवाय परीक्षा वर्षातून तीनदा झाल्याने तीन संधी आता वर्षभरातच संपतात, पूर्वी त्यांना दीड वर्ष लागायचे. सूट तीच राहिली, पण कॅलेंडरवर तिचे आयुष्य कमी झाले.

यापुढचा भाग सेवेचा सगळ्यात कच्चा भाग आहे, म्हणून तो सविस्तर पाहू. गुण कमी वाटले तर दोन अर्ज करता येतात आणि दोन्ही निकालापासून एका महिन्याच्या आत करावे लागतात. एक, गुणांची पडताळणी. फी प्रत्येक पेपरला १०० रुपये, कमाल ४००. दोन, तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत. फी प्रत्येक उत्तरपत्रिकेला ५०० रुपये. बहुतेक जण स्वस्त म्हणून आधी पडताळणीचा अर्ज करतात आणि ‘बदल नाही’ असे उत्तर आले की हळहळतात. पडताळणी म्हणजे पुनर्मूल्यांकन नव्हे. चार्टर्ड अकाउंटंट्स रेग्युलेशन्स १९८८ मधल्या ३९(४) या नियमाखाली एवढेच पाहिले जाते की एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एखाद्या उत्तराला गुण द्यायचे राहिले आहेत का आणि बेरीज चुकली आहे का. पाचपैकी तीन दिले ते चार व्हायला हवे होते, ही तक्रार तिथे ऐकलीच जात नाही. चूक सापडली तर निकाल सुधारतो आणि पडताळणीची फी परत मिळते.

बेरजेची चूक आता दुर्मीळ झाली असावी, कारण उत्तरपत्रिका स्कॅन होऊन परीक्षकाकडे स्क्रीनवर जातात आणि बेरीज संगणक करतो. खरी शक्यता उरते ती उत्तर नजरेतून सुटण्याची. आणि ते कुठे सुटते याचा एक ठरलेला नमुना आहे. प्रश्न ४ चा (अ) भाग पान १४ वर लिहिला, (ब) सुचला नाही म्हणून पुढे गेलो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत पुरवणीच्या मागच्या पानावर (ब) लिहिला, वर नुसते ‘ब’ टाकले, प्रश्नाचा क्रमांक लिहिलाच नाही. परीक्षकाला ते उत्तर कोणत्या प्रश्नाचे हेच कळत नाही. रफ वर्कच्या पानानंतर लिहिलेले उत्तरही असेच निसटते, कारण रफ पान दिसले की उत्तरपत्रिका संपली असे वाटते. तुम्ही असे काही केल्याचे पक्के आठवत असेल, तर १०० रुपयांची पडताळणी जरूर करावी. आठवत नसेल, नुसती ‘जास्त यायला हवे होते’ अशी भावना असेल, तर ते पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

त्यापेक्षा ५०० रुपयांची प्रत जास्त कामाची. गुण वाढवायला नव्हे, आपण काय लिहिले ते थंड डोक्याने पाहायला. प्रत आली की संस्थेच्या बोर्ड ऑफ स्टडीजने (अभ्यास विभागाने) प्रसिद्ध केलेली सजेस्टेड आन्सर्स, म्हणजे नमुना उत्तरे, शेजारी ठेवावीत आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक उत्तर तीन खुणांनी वाचावे: तरतूद लिहिली का, ती प्रश्नातल्या आकड्यांना लावली का, निष्कर्ष एका वाक्यात दिला का. टॅक्सच्या आणि ऑडिटच्या पेपरांत गुण जातात ते बहुधा दुसऱ्या खुणेपाशी. कलम बरोबर आठवलेले असते, चार ओळी त्यावर खर्च झालेल्या असतात, पण प्रश्नातल्या कंपनीला ते लागू होते की नाही याबद्दल एक शब्द नसतो. फायनान्शियल रिपोर्टिंगमध्ये उलटे होते: अंतिम आकडा बरोबर, पण वर्किंग नोट्स गायब, त्यामुळे टप्प्यांचे गुण मिळत नाहीत. हे एकदा स्वतःच्या हस्ताक्षरात दिसले की पुढच्या अटेम्प्टला लिहिण्याची पद्धत बदलते. सगळ्या पेपरांची प्रत मागवायची गरज नाही. ३८ ते ४९ च्या पट्ट्यात अडकलेला एक पेपर निवडावा, तेवढा पुरे.

पैशांचा प्रश्न असेल तर माहितीच्या अधिकाराचा रस्ताही आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही. तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ च्या सीबीएसईच्या प्रकरणात मान्य केला. त्याच निकालात हेही स्पष्ट झाले की त्या हक्कात फेरतपासणी येत नाही. पुढे ११ एप्रिल २०१९ ला कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात प्रश्न फीचाच आला: संस्थेचे ५०० रुपये की माहिती अधिकाराच्या नियमांतले दर? न्यायालयाने सांगितले की दोन्ही मार्ग खुले आहेत, उमेदवाराने ज्या मार्गाने अर्ज केला त्या मार्गाची फी लागेल. माहिती अधिकारात अर्जाचे १० रुपये आणि पानाला २ रुपये. ४० पानांची उत्तरपत्रिका धरली तर साधारण ९० रुपयांत काम होते. निकालपत्र सीएंच्या नव्हे, सीएसच्या संस्थेबद्दल आहे, पण तत्त्व तेच लागू पडते. वेळेची घाई असेल तर मात्र पोर्टलवरचा ५०० वाला अर्जच सोयीचा, कारण माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

परीक्षकांना दिलेली मॉडेल उत्तरे आणि सूचना मागून उपयोग नाही. आयसीएआयच्याच एका परीक्षार्थीने ती मागितली होती, आणि २ सप्टेंबर २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षकांना दिलेल्या सूचना उघड करायला नकार दिला.

फेरतपासणीची मागणी जुनीच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्लीत संस्थेच्या मुख्यालयासमोर विद्यार्थी ३९(४) बदला म्हणून बसले होते आणि संस्थेला त्यासाठी समिती नेमावी लागली. पण गुणांची फेरतपासणी काही मिळाली नाही. सरसकट फेरतपासणी दिली तर निकाल महिनोन्‌महिने लटकतील, ही संस्थेची अडचण खरी आहे. तरी ग्रुप पाच गुणांच्या आत राहिला असेल तर एका पेपरापुरती, जास्त फी घेऊन, दुसऱ्या परीक्षकाकडून तपासणी करून द्यायला काय हरकत आहे? वर्षाकाठी तीन परीक्षा घेण्याची क्षमता असलेल्या संस्थेला हे झेपू नये असे वाटत नाही.

आता पुन्हा तारखांकडे येऊ. निकाल ३ नोव्हेंबरला. पडताळणीचा अर्ज करायला डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत मुदत. पुढच्या परीक्षेचा फॉर्म मात्र १९ नोव्हेंबरला कायमचा बंद. म्हणजे शंका विचारायची मुदत संपण्याच्या दोन आठवडे आधीच पुढचा निर्णय घेऊन टाकावा लागतो, आणि शंकेचे उत्तर त्यानंतर काही आठवड्यांनी. जुलै २०२५ ला हेच झाले होते: निकाल ६ जुलैला, सप्टेंबरचे फॉर्म ५ ते १८ जुलै, लेट फीसह २१ पर्यंत. हे वेळापत्रक ज्यांनी आखले त्यांनी नापास झालेल्याच्या जागी बसून ते एकदा पाहायला हवे. निकालापासून फॉर्म बंद होईपर्यंत किमान एक महिना हवा, किंवा पडताळणी फॉर्मच्या मुदतीआधी पुरी करून द्यायला हवी. दोन्हींतले एक करणे शक्य आहे.

ते होईपर्यंत क्रम असा ठेवावा. निकालानंतर पहिल्या तीन दिवसांत प्रमाणित प्रतीचा अर्ज टाकावा, महिन्याची मुदत आहे म्हणून थांबू नये. पडताळणी करायची तर तीही त्याच दिवशी. आणि या दोन्हींच्या उत्तराची वाट न बघता परीक्षेचा फॉर्म लेट फीच्या आधी भरून टाकावा. फायनलची फी एका ग्रुपला १८०० आणि दोन्ही ग्रुपांना ३३०० रुपये आहे, लेट फी ६०० रुपये. पडताळणीच्या भरवशावर फॉर्म सोडणारा विद्यार्थी १८०० वाचवायला जाऊन चार महिने घालवतो. ग्रुप, केंद्र किंवा इंग्रजी-हिंदी माध्यम यांत गडबड झाली तर फॉर्म बंद झाल्यावर करेक्शन विंडो दोन-तीन दिवस उघडते, तिची तारीख फॉर्मच्याच सूचनेत असते. केंद्र बदलायचे असेल, म्हणजे पुण्याची खोली सोडून कोल्हापूर किंवा नांदेडला घरी जाऊन अभ्यास करायचा असेल, तर हीच शेवटची संधी.

ज्यांचा निकाल चांगला लागला त्यांच्यासाठी सेवा पुष्कळच सुरळीत आहे, म्हणून त्यावर थोडक्यात. फायनल सुटले म्हणजे नावापुढे सीए लागले असे नाही. सदस्यत्वासाठी फॉर्म २ भरून सदस्यत्व क्रमांक मिळावा लागतो, आणि स्वतःची प्रॅक्टिस करायची तर फॉर्म ६ भरून सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस घ्यावे लागते. त्याशिवाय ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही. नवे सीए मोठ्या संख्येने एकाच वेळी बाहेर येतात. मे २०२४ च्या परीक्षेतून २०,४४६ जण, सप्टेंबर २०२५ मधून ११,४६६ जण पात्र ठरले. त्यामुळे अर्जांची रांगही एकदमच लागते. आयटी आणि मॅनेजमेंट स्किल्सच्या कोर्सची प्रमाणपत्रे आणि आर्टिकलशिपच्या पूर्ततेची नोंद आधीपासून पोर्टलवर नीट असेल तर फॉर्म २ अडत नाही. कॅम्पस प्लेसमेंटची नोंदणी निकालानंतर लवकरच सुरू होते आणि तिला मुदत कमी असते. निकालाचे पेढे वाटून झाले की त्याच संध्याकाळी पोर्टलवर लॉगिन करून कॅम्पसच्या तारखा टिपून घ्याव्यात. बायोडेटामधल्या अटेम्प्टच्या रकान्यात किती अटेम्प्ट ते खरे लिहावे, कारण कंपन्या गुणपत्रिका मागतात आणि प्रत्येक गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेले असते.